कापसाच्या भावात म्हातारपण कुठे आहे?



१४ मार्च २०२३ ला महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. २० तारखेपर्यंत संप चालला. त्याच आठवड्यात मराठवाड्यात अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या. उभा गहू झोपला आणि पंचनाम्याला तलाठी नव्हता. तेव्हा गावोगाव लोकांनी तलाठ्याला शिव्या घातल्या. आम्ही घातल्या नाहीत. नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेला माणूस एवढेच विचारत होता की, नोकरी संपल्यावर मी खायचे काय? प्रश्न रास्त होता. आमचे दुखणे वेगळे आहे. ज्याचा गहू झोपला होता त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही, आणि त्यानेही तो स्वतःला कधी विचारला नाही.

म्हणून आज हिशेब मांडायचा आहे. कोणापुढे हात न पसरता, चहासाठी सुनेच्या तोंडाकडे न बघता, नवरा-बायकोला खेड्यात म्हातारपण काढायला महिन्याला किती रुपये लागतात? आणि ते रुपये आयुष्यभराच्या कष्टातून कुठून यायला हवे होते?

पैठण, फुलंब्री, सिल्लोड, कन्नडकडची पाच एकरवाली घरे डोळ्यांसमोर ठेवा. घर स्वतःचे, भाडे नाही. पीठमीठ, डाळ, तेल, चहा-साखर, थोडे दूध, भाजीपाला मिळून दोन माणसांना ५ हजार लागतात. कोणी म्हणेल, रेशन आहे की! आपल्या भागातल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये द्यायचे सरकारने २०२३ साली ठरवले. त्या पैशात किती ज्वारी येते ते कोणत्याही दुकानदाराला विचारा. गॅस, वीज आणि मोबाइलचे रिचार्ज १,२००. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी आणि डॉक्टरची एक फेरी १,५००. कपडे, चप्पल, चष्मा सरासरीने ५००. लग्नाचा आहेर, मयतीला जाणे-येणे, नातवाच्या हातावर ठेवायचे दोन पैसे, पैठणची नाथषष्ठी आणि जमलीच तर पंढरीची वारी, ८००. मोठ्या दुखण्यासाठी बाजूला १,०००. घाटीत खाट मिळाली तरी सोबतच्या माणसाचे आठ दिवसांचे खाणे, त्याची बुडालेली मजुरी आणि घरी आल्यावरचे औषधपाणी काही चुकत नाही. एसटीचे भाडे मुद्दामच धरलेले नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीवरच्यांना एसटी फुकट झाली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. म्हाताऱ्यांसाठी सरकारने जेवढे हिशेब केले त्यातला हाच काय तो जमलेला.

बेरीज करा. १० हजार रुपये.

हा आकडा चैनीचा आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने सरकारचीच दोन कागदपत्रे पाहावीत. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १ एप्रिल २०२५ पासून जी नवी एकत्रित पेन्शन योजना आली, तिच्यात दहा वर्षे नोकरी केलेल्याला कमीत कमी १० हजार रुपये महिना ठरवला आहे. आणि आईबापांना मुलांनी पोटगी द्यावी म्हणून २००७ साली संसदेने कायदा केला, त्यात पोटगीची कमाल मर्यादा महिना १० हजार घातली आहे. म्हणजे नोकराला कमीत कमी १० हजार, शेतकऱ्याच्या म्हाताऱ्याला मुलाकडून भांडून जास्तीत जास्त १० हजार. आकड्यावर वाद नाही. तो द्यायचा कोणी, एवढ्यावरच वाद आहे. (एकदाच निवडून आलेल्या माजी आमदाराचे पेन्शन महिना ५० हजार आहे, ते इथे तुलनेला घेत नाही. ती मंडळी वेगळ्याच पेंडीवर पोसलेली आहेत.)

आता पुढचा हिशेब. महिना १० हजार म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेचा व्याजदर २०२४-२५ साली ८.२ टक्के होता. त्या दराने १४ लाख ६३ हजार ठेवले की महिन्याला १० हजार सुटतात. पुष्कळ लोक हिशेब इथेच थांबवतात आणि फसतात. महागाई सहा टक्के धरली तर १२ वर्षांत भाव दुप्पट होतात. साठाव्या वर्षी १० हजार मिळणाऱ्याला बहात्तराव्या वर्षीही १० हजारच मिळतील, पण बाजारातून पाच हजारांचाच माल येईल. आणि औषधे वाढतात ती नेमकी त्याच वयात. तेव्हा मुद्दल पुरवून पुरवून खायचे, साठीपासून पंचाऐंशीपर्यंत २५ वर्षे आजच्या मोलाचे १० हजार मिळत राहायला हवेत, व्याज आठ टक्के आणि महागाई सहा टक्के, असे सगळे धरले तर साठीच्या दिवशी हातात आजच्या रुपयांत २४ लाख लागतात. वर्षाच्या खर्चाच्या वीसपट. शहरातले सल्लागार पंचवीसपट सांगतात. ते कोष्टक अमेरिकेतल्या शेअरबाजाराच्या जुन्या आकड्यांवरून काढलेले आहे. आपण त्याच्याहून कमीच धरले.

२४ लाख ऐकून हसू नका. हे पैसे एका दिवसात जमवायचे नाहीत. पंचविशीला औत हातात घेतलेला माणूस साठीपर्यंत ३५ वर्षे राबतो. त्याच व्याजाने आणि त्याच महागाईने हिशेब केला तर दरवर्षी आजच्या मोलाचे सुमारे ५० हजार बाजूला पडले पाहिजेत. पाच एकर कापूस, कोरडवाहू, एकरी सहा क्विंटल धरा. ३० क्विंटल झाले. ५० हजार भागिले ३०. क्विंटलमागे १,६६७ रुपये.

हे त्या क्विंटलमधले म्हातारपण. पावसाने दगा देऊन एकरी चारच क्विंटल उतरला, तर तेच २,५०० होतात.

आता सरकारच्या भावाकडे या. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला. त्यासाठी धरलेला उत्पादन खर्च ५,१४० रुपये. त्याची दीडपट केली की ७,७१० येतात, म्हणून दिल्लीत पाठ थोपटून घेतली गेली. या ५,१४० मध्ये काय काय आहे? बी, खत, औषध, मजूर, बैल, ट्रॅक्टर, खेळत्या भांडवलाचे व्याज आणि घरच्या माणसांची मजुरी. घरच्यांची मजुरी म्हणजे जितके दिवस शेतात काम केले तितक्या दिवसांची, मजुराच्या दराने. बैलाची झीज धरली आहे, अवजारांचा घसारा धरला आहे. माणसाचा घसारा कुठे आहे? नांगर वीस वर्षांत झिजतो हे कृषिमूल्य आयोगाला कळते. शेतकऱ्याचे गुडघे झिजतात हे त्याच्या कोणत्याही रकान्यात नाही.

हमीभाव आणि खर्च यांतला फरक २,५७० रुपये. ३० क्विंटलचे ७७,१०० झाले. त्यातून म्हातारपणाचे ५० हजार काढले तर उरले २७,१००. त्यात पोरांची फी, लेकीचे लग्न, विहिरीतला गाळ आणि सोसायटीचा हप्ता बसवायचा. हेही केव्हा? मोंढ्यावर पूर्ण हमीभाव मिळाला तर. ओल आहे, कवडी आहे, केंद्र बंद आहे, नोंदणी झाली नाही, हे सगळे वाचकांना पाठ आहे. आणि नेमक्या त्याच हंगामात, १९ ऑगस्ट २०२५ ला, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले आणि ३१ डिसेंबरपर्यंत ते काढलेलेच ठेवले. आपल्याकडची वेचणी दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला भरात येते. म्हणजे एका हाताने भाव जाहीर करायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरच्या कापसाला फाटक उघडायचे. खुल्या बाजाराला आमचा विरोध नाही, कधीच नव्हता. पण बाहेरून आणताना बाजार खुला आणि बाहेर पाठवताना निर्यातबंदी, याला बाजार म्हणत नाहीत.

हा भाव मागणे म्हणजे भीक मागणे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी वाळूजला एक चक्कर मारावी. बजाजचा कारखाना तिथे १९८५ साली सुरू झाला. कायम कामगाराच्या पगारातून १२ टक्के भविष्य निधीत जातात, मालक तितकेच घालतो, वर्षाला १५ दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने ग्रॅच्युइटी साठते. हा पैसा मालक घरच्या शेतीतून आणत नाही. तो गाडीच्या किमतीत धरलेला असतो, आणि गाडी घेणारा शेतकरी तो मुकाट्याने भरतो. त्याला अनुदान म्हणत नाहीत, खर्च म्हणतात. आपल्या जिल्ह्यात तयार होणाऱ्या बिअरच्या बाटलीतसुद्धा कामगाराच्या म्हातारपणाचे पैसे आहेत. त्याच जिल्ह्यातल्या मक्याच्या कणसात नाहीत. (वाळूजला ठेकेदाराकडे राबणाऱ्या आमच्या पोरांच्या नशिबीही हा फंड नीट नाही, हे आम्हाला माहीत आहे. तो कागदावर तरी आहे. कणसात कागदावरही नाही.)

मग पांढरपेशा माणूस विचारतो, तुम्ही बचत का करत नाही? लग्नात उधळता, दारूत घालवता. उत्तर सरकारच्याच पाहणीत आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकापासूनचे ३,७९८. मजुरीपासूनचे त्याहून जास्त, ४,०६३. शेतकरी शेतीपेक्षा दुसऱ्याच्या बांधावर जास्त कमावतो! आपले ५० हजार म्हणजे महिन्याला ४,१६७ रुपये. महागाईचा वाढावा म्हणून पिकाचे उत्पन्न दीडपट धरले तरी ५,७०० भरते. त्यातून ४,१६७ कोणी बाजूला टाकून दाखवावेत, आम्ही त्यांचा जाहीर सत्कार करू.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. केले, आणि ते न करण्यापेक्षा वाईट आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये किसान मानधन योजना आली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याने वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, सरकार तितकेच घालणार, साठीनंतर महिना ३ हजार. वयाची अट १८ ते ४०. म्हणजे त्या दिवशी जो ४१ वर्षांचा होता तो बाहेर. सत्तरच्या दशकापासून राबून जे आज थकले आहेत ते सगळे बाहेर. आणि जो आत आहे त्याचे काय? २०१९ साली अठरा वर्षांचा पोरगा साठ वर्षांचा होणार २०६१ साली. सहा टक्के महागाईने तेव्हाच्या ३ हजारांची किंमत २०१९ च्या २६० रुपयांएवढी. ४२ वर्षे पैसे भरून महिन्याला २६० रुपये!

श्रावणबाळ योजनेचे पैसे २०२३ साली हजाराचे दीड हजार झाले. वय ६५, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. महिन्याला १,७५० रुपयांत कुटुंब चालते असा दाखला तहसीलमधून आणायचा. दीड हजारासाठी सत्तर वर्षांच्या माणसाला खोटे बोलायला लावणारी ही योजना आहे. जो खरे बोलतो त्याचा अर्ज बाद होतो.

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण आली. तीही महिना दीड हजार, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वय २१ ते ६५. आता पाहा. आमची एक बहीण चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या आतल्या घरात लाडकी आहे. पासष्ट उलटले की तिचे नाव कमी. मग तिने श्रावणबाळकडे जायचे, तर घरचे उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. एकाच बाईला, एकाच सरकारच्या दोन खिडक्यांवर, वाढदिवसाच्या अलीकडे एक माप आणि पलीकडे दुसरे. मते कोणत्या वयाची जास्त आहेत याचा हिशेब मात्र चोख केलेला दिसतो.

आमच्यातलेच काही म्हणतात, जमीन हेच शेतकऱ्याचे पेन्शन आणि मुलगा हाच विमा. जमिनीचे बघू. सत्तरीला औत धरवत नाही, जमीन निम्म्या बटईने दिली, तर वरच्या ७७,१०० चे अर्धे हाती येतील, महिन्याला ३,२०० रुपये. तेही दुष्काळ नसेल तर, आणि वाटण्या झाल्या नसतील तर. जमीन खरे पेन्शन देते ते तिच्यावरून उठल्यावर. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या तेव्हा एकरी २३ लाख दिले गेले. एका एकरात एका जोडप्याचे म्हातारपण जवळजवळ भागले. पण त्या एकरात कापूस पिकवत राहिले असते तर सात जन्म भागले नसते.

मुलाचे काय बोलावे? तो वाईट नाही. त्याच्याकडेही नाही. ज्या भावात बापाचे म्हातारपण नव्हते त्याच भावात मुलाचा संसार बसवायचा आहे, आणि बापाला जगवायचेही आहे. २००७ च्या कायद्याखाली प्रांताकडे अर्ज करून बाप त्याला खेचू शकतो. भाव पाडणारे सरकार पंच म्हणून खुर्चीत बसणार आणि लुटलेल्या बापाला लुटलेल्या मुलाविरुद्ध निकाल देणार. आमच्या बैठकांत या कायद्याचे कौतुक करणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा.

बाईचा हिशेब आणखी तोट्याचा आहे. ती बहुधा नवऱ्यामागे उरते, आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नसते. किसान सन्मानचे वर्षाचे ६ हजार सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात. १९८६ साली चांदवडच्या मेळाव्यात शेतकरी बायकांनी आपला प्रश्न स्वतः मांडला. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शरद जोशींनी गावोगाव सांगितले, बायकोच्या नावावर जमीन करा. काही गावांनी केले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सातबारा कपाटात ठेवला. ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या त्यांतले कित्येक आज साठीच्या पुढे आहेत. त्यांनी आपल्या मागे राहणाऱ्या बाईचे काय, हे याच महिन्यात ठरवावे. याला सरकारची परवानगी लागत नाही.

आता आपल्यातल्या वादाकडे येतो. जिल्हा बैठकीत दोन बाजू पडतात. एक म्हणते, शेतकऱ्याला साठीनंतर पेन्शन मागा, आंदोलन करा. दुसरी म्हणते, आपली घोषणा भीक नको अशी आहे, पेन्शन मागितले की आपण बाकीच्या मागत्यांच्या रांगेत गेलो, मागायचा तो फक्त भाव. दुसऱ्या बाजूचे म्हणणे आज शेत कसणाऱ्यापुरते आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. ज्याच्या हातात अजून वीस हंगाम आहेत त्याने पेन्शन मागू नये. त्याने क्विंटलमागचे १,६६७ रुपये मागावेत, आणि उत्पादन खर्चाच्या तक्त्यात म्हातारपणाचा रकाना मागावा.

पण ज्याचे हंगाम संपले त्याला भाव घेऊन काय करायचे? त्याचा माल विकून झाला आहे. १९७२ नंतर कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात त्याला राज्याबाहेर कापूस विकायची बंदी होती. वेशीपलीकडे जास्त भाव असला तरी गाडी नेली तर गुन्हा. नव्वदच्या दशकात शेतीमालाला दिलेले अनुदान उणे आहे असे भारत सरकारनेच गॅटच्या वाटाघाटींत लिहून दिले. आणि ते जुने झाले म्हणाल तर २०१८ साली आर्थिक सहकार्य संघटना आणि दिल्लीची इक्रिअर संस्था यांनी मिळून हिशेब काढला. २००० ते २०१७ या काळात धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याच्या ढोबळ उत्पन्नाला सरासरी वर्षाला १४ टक्के कात्री लागली. आपल्या ३० क्विंटलवाल्याची आजच्या भावाने विक्री धरा २ लाख १० हजार. तिचे १४ टक्के २९,४००. अशी १७ वर्षे. पाच लाख रुपये. एका घराचे, एवढ्याच वर्षांचे, बिनव्याजी.

या पैशाला आम्ही पेन्शन म्हणत नाही. बँक आमच्या नावापुढे जो शब्द लिहिते तोच लिहितो: थकबाकी. ती वसूल करायला हात पसरावा लागत नाही. तेव्हा आमचे मत असे, की साठीच्या पुढच्या प्रत्येक शेतकऱ्याला आणि शेतकरी बाईला, सातबाऱ्यावर नाव असो वा नसो, उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय, महिना ५ हजार, म्हणजे जोडप्याला १० हजार, आणि दरवर्षी महागाईप्रमाणे वाढ, एवढी थकबाकीची हप्तेबंदी मागावी. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी बैठकीत उभे राहून बोलावे. त्यांच्याकडे दुसरा हिशेब असेल तर आम्हाला तो ऐकायचा आहे.

बैठकीला येताना प्रत्येक गाव शाखेने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. गावात साठीच्या पुढची शेतकरी माणसे किती, बाया वेगळ्या मोजून. त्यांतल्या किती जणांना श्रावणबाळचे पैसे मिळतात आणि किती अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडले. आणि किती बायांचे नाव सातबाऱ्यावर आहे. अंदाजाने लिहू नये, घरोघर जाऊन विचारावे. पाच एकरवाल्या एका जोडप्याचा महिन्याचा खर्चही वहीत उतरवून आणावा. आमचा १० हजारांचा आकडा कोणत्या गावात चुकतो, आणि कोणत्या बाजूला चुकतो, ते सगळ्यांसमोर तपासू.